नाना गोव्याला हरायला गेले

विहिरीतलं पाणी आटलं की माणूस आधी पंप बदलतो. नव्या पंपानंही पाणी आलं नाही की पाइप बदलतो. त्यानंतर कुठं तो विहिरीत डोकावतो. पण तोवर पंपवाल्या कंपनीचं भलं होऊन गेलेलं असतं. त्या दुष्काळाच्या साली येरमाळ्याच्या सोसायटीमार्फत इतके पंप गेले, की कंपनीला आनंद मावेना. तिनं सोसायटीच्या सचिवांना, म्हणजे रत्नाच्या नानांना, सहकुटुंब गोव्याची सहल बक्षीस दिली. समुद्रकाठचं हॉटेल, राहणं-खाणं फुकट! ज्या गावात टँकर आला की घागरीला घागर आपटत होती, तिथल्या माणसाला बक्षीस काय, तर समुद्र!

रत्ना दहावीत जायची होती आणि नुकतीच वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आली होती. तेव्हापासून घरात पाण्याचा तांब्या मागतानासुद्धा ती 'अध्यक्ष महाशय' म्हणते की काय, अशी आईला धास्ती वाटे. जगातला कुठलाही प्रश्न आपण तीन मिनिटांत सोडवू शकतो, असं रत्नाचं ठाम मत झालेलं होतं. समोर फक्त घंटा वाजवणारा कुणीतरी हवा.

पण ही सहल नुसती सहल नव्हती. असंच बक्षीस कळंबच्या आबारावांनाही मिळालं होतं. आबाराव चेअरमन होते. कशाचे, ते महत्त्वाचं नाही. चेअरमन होते, हे महत्त्वाचं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी महिन्याभरापूर्वी रत्नाच्या थोरल्या बहिणीला, मंदाअक्काला, आपल्या महारुद्रसाठी बघितलं होतं. पोहे खाल्ले, वाटीत मागून घेतले, आणि "कळवतो" म्हणून जे गेले ते गेलेच. आता त्यांचा निरोप आला, की गोव्यात एकत्र राहू, माणसं कशी आहेत ते बघू आणि तिथंच काय ते सांगून टाकू.

 निरोप आला त्या दिवशी मंदाअक्कानं चहात साखरेऐवजी मीठ टाकलं आणि स्वतःचा कप तसाच पिऊन टाकला. रत्नाला त्यातून काय समजायचं ते समजलं.

जायला एक अडचण होती. टंचाईच्या काळात सचिवाला गाव सोडायचं तर वरच्या कचेरीची परवानगी लागे. नाना अर्ज घेऊन गेले, तर तिथल्या कारकुनानं चष्म्यावरून बघितलं.

"प्रयोजन काय लिहिलंय? समुद्र पाहणे? अहो, लोकांना प्यायला पाणी न्हाय आन् तुमी समुद्र बघणार? वर गेलं तर काय वाटंल सायबाला?"

"मग काय लिहू?"

कारकुनानं थोडा विचार केला, नानांच्याच पेनानं ओळ खोडली आणि वर लिहिलं : 'जलसाठ्याची पाहणी'. सही त्याच दिवशी झाली.

परवानगी मिळाली तसे शेजारीपाजारी सल्ले द्यायला आले. येरमाळ्यात सल्ल्याचा दुष्काळ कधीच पडला नाही. शेजारच्या मथुराबाई ओट्यावर बूड टेकवून म्हणाल्या, "भावजी, एक ध्यानात ठेवा. मुलीच्या बापानं जिंकायचं नसतंय. माझ्या चुलत दिरानं होणाऱ्या व्याह्यासंगं सोंगट्या मांडल्या आन् येड्यागत जिंकून बसला. पोरगी दोन सुगी घरात राहिली."

"सोंगट्याच कशाला," समोरचे ज्ञानोबा गुरुजी म्हणाले, "बोलण्यातबी हरा. ते म्हणले, आमच्याकडं ऊन लई, तर म्हणायचं, आमच्याकडं तेवढं न्हाय बुवा."

"पण गुरुजी," रत्ना म्हणाली, "कळंब आणि येरमाळा एकाच तालुक्यात. ऊन वेगळं कसं असेल?"

"पोरी, ऊन एकच असतंय. मान येगळा असतो."

नानांनी हे मनावर घेतलं. इतकं घेतलं, की एसटीच्या पहिल्या थांब्यापासून ते हरायला लागले. खिडकीची जागा हरले. भज्यांची शेवटची जोडी हरले. सोलापूरच्या स्टँडवर आबाराव म्हणाले, आमच्या म्हशीएवढी मारकी म्हैस जिल्ह्यात नाही, तर नाना म्हणाले, आमची तर गायच आहे म्हणा की. गोव्यात पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा आबारावांनी कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "आपली कृष्णामाय हितंच येऊन मिळती बगा."

रत्नाला भूगोलात नव्वदच्या खाली कधी मिळाले नव्हते. तिचं तोंड उघडलं. 'कृष्णा पूर्वेला जाते' हे वाक्य अगदी दातांपर्यंत आलं. एवढ्यात नानांनी तिच्या दंडाला असा चिमटा काढला, की कृष्णा मुकाट्यानं पश्चिमेला वळली.

"असणार, असणार," नाना म्हणाले. "पाणी ओळखीचं वाटतंयच."

हॉटेल म्हणजे काय विचारता! दारात नारळाची झाडं, आत जमीन इतकी गुळगुळीत की आबारावांच्या पत्नी धुरपदाबाई भिंत धरून चालल्या. आई न्हाणीघर बघायला गेली ती बाहेरच येईना. रत्ना आत गेली, तर नळ धो धो वाहतोय आणि आईनं बादली, टमरेल, काचेचे पेले, फुलदाणी, साबणाची वाटी, सगळं काठोकाठ भरून ओळीनं मांडलंय.

"अगं आई, इथं नळाला कायम पाणी असतं!"

"असंच म्हणत्यात आधी," आई म्हणाली आणि तिनं राखदाणी नळाखाली धरली.

खोल्या झाडणारी बाई रोज सकाळी ती भांडी रिकामी करी आणि आई रोज दुपारी ती पुन्हा भरी. दोघी एकमेकींना एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण दोघींच्या मनात एकमेकींबद्दल काय होतं, ते चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

दोन दिवस असे सुरळीत हरण्यात गेले. महारुद्र हा मुलगा नावाला महारुद्र. प्रत्यक्षात हॉटेलचं मांजर समोरून आलं तर वाट सोडून उभा राहायचा. पण जेवणाच्या टेबलावर मंदाअक्काकडं मिठाची डबी सरकवताना त्याचे कान असे लाल व्हायचे, की रत्नाला तो फार आवडून गेला. एकदा तर मंदाअक्कानं नको असतानाही मीठ मागितलं. भाजी आधीच खारट होती. आता फक्त आबारावांनी होय म्हणायचं राहिलं होतं. पण आबाराव चेअरमन होते आणि कुठलाही ठराव ते सभेच्या शेवटीच मांडत.

आणि मग शेवटच्या दिवशी हॉटेलचे मॅनेजर मिनेझिस हसत हसत आले. ते कोकणीत सुरू करून मराठीत बोलत आणि इंग्रजीत संपवत. त्यांचं म्हणणं असं, की तुमच्या बक्षिसात गोल्फही आहे. तो तुम्ही खेळला नाहीत.

गोल्फ म्हणजे काय, ते कुणालाच माहीत नव्हतं. पण बक्षिसातली वस्तू तशीच सोडायची म्हणजे ताटातलं टाकून उठण्यासारखं. आबाराव म्हणाले, "पैसे न्हाईत ना? मग खेळू की. काय सेक्रेटरी?"

"तुम्ही म्हणाल तसं, चेअरमनसाहेब," नाना म्हणाले, आणि मनात म्हणाले, चला, आणखी एक हरायची सोय झाली.

हॉटेलच्या मागं, माड आणि समुद्राच्या मधल्या पट्ट्यात, गोल्फचं मैदान होतं. तिथं पाऊल ठेवताच दोघंही पुरुष जागच्या जागी थिजले. ऐन मे महिना, आणि समोर डोळ्यांना बोचेल असं हिरवंगार गवत! त्यावर कारंज्यासारखं गोल गोल फिरत पाणी उडत होतं.

"हे गवत कुणाच्या जनावराला जातंय?" आबारावांनी हळू आवाजात विचारलं.

"कोणाच्याच नाय," मिनेझिस म्हणाले. "खेळण्यासाठी."

"कापून टाकता?"

"कापतो ना. रोज."

"आन् मग?"

"फेकतो."

आबारावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. गावाकडं छावणीतल्या गुरांच्या तोंडासमोर उसाचं वाढं पडत होतं, तेही मोजून. नानांनी खाली वाकून गवताला हात लावला. क्षणभर रत्नाला वाटलं, नाना आता दोन मुठी खाणार. पण त्यांनी नुसती पात कुरवाळली आणि म्हणाले, "दावण लावली तर शंभर जनावरं निघतील हो."

मग बुटांचा घोळ झाला. नाल मारलेल्या वहाणा गवतावर चालणार नाहीत, असा हॉटेलचा नियम. आबारावांना हॉटेलच्या साठ्यातले पांढरे कॅनव्हासचे बूट बरोबर बसले. नानांच्या मापाचे एकच बूट निघाले, आणि ते एक जर्मन बाई मागं विसरून गेलेली होती. त्यांच्यावर निळी फुलं होती. धोतर, कोट, काळी टोपी आणि पायात निळी फुलं! नानांनी एकवार समुद्राकडं बघितलं. पण मुलीच्या बापाला बूट निवडता येत नाहीत. ते फुलं घालून मैदानात उतरले.

खेळ साधा दिसत होता. एक छोटा पांढरा चेंडू, एक लांब वाकडी काठी, आणि दूरवर झेंडा लावलेलं एक भोक. गोट्या खेळताना करतात तशी गल. अशा सहा गली. मिनेझिसनी प्रत्येकाला एक कार्ड आणि पेन्सिलीचा तुकडा दिला आणि म्हणाले, "प्रत्येक टोला मोजायचा हां. रात्री जेवणाच्या वेळी विजेत्याला कप. सगळ्या पाहुण्यांसमोर." एवढ्यात कुणीतरी त्यांना बोलवायला आलं आणि ते गेले.

"म्हंजे कसं," नानांनी विचारलं, "जिंकतो कोण?"

आबारावांनी असं बघितलं, जणू सभेत कुणी वेड्यासारखी उपसूचना मांडली. "त्यात काय इचारायचं? टोले मोजायला सांगितलेत न्हवं? मोजायचं कशासाठी असतंय? ज्याचे जास्त, त्याची सरशी. पोती मोजा, मतं मोजा, न्हायतर टोले मोजा."

कुणालाही यात चूक दिसली नाही. रत्नालासुद्धा नाही. क्रिकेटमध्ये धावा जास्त, परीक्षेत गुण जास्त, निवडणुकीत मतं जास्त. जगात ज्याचं कमी ते जिंकलं, असं त्यांच्या जिल्ह्यात तरी कधी घडलेलं नव्हतं.

सुरुवात झाली. आबाराव खरोखर हुशार माणूस. मोठा टोला मारला तर चेंडू लवकर गलीत जाईल आणि टोले वाया जातील, हे त्यांनी क्षणात ओळखलं. त्यांनी चेंडूला नव्या सुनेला उठवावं तसं हळूच टोचलं. टुक. एक. पुन्हा टुक. दोन. अशी टुकटुक करत, दर टोल्याला मोठ्यानं आकडा म्हणत, ते गलीच्या काठाशी आले. आता चेंडू आत पडणार असं रत्नाला वाटलं, तर आबारावांनी मोठ्या सफाईनं काठी आडवी घालून त्याला बाजूला वळवलं आणि गलीभोवती त्याला प्रदक्षिणा घालायला लावली. तिकडून धुरपदाबाई छत्रीखालून बघत होत्या.  त्या फारसं कधी बोलतच नसत. एकदा फक्त आईकडं बघून म्हणाल्या, "घरीबी असंच. साधं कुलूप लावायचं तर दहादा ओढून बघत्यात."

नानांना काय करायचं ते स्पष्ट होतं. हरायचं. म्हणजे कमीत कमी टोल्यांत चेंडू गलीत घालायचा. नाना लहानपणी ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचे. दूरच्या कणसावरचं पाखरू कणसाला न दुखवता उठवायचे. तो नेम इतक्या वर्षांत कागद फिरवण्यात झिजला असेल, असं सगळ्यांना वाटत होतं. नानांनी कासोटा आवळला, झेंड्याकडं बघितलं आणि काठी फिरवली. चेंडू माडाच्या बुंध्यावर आपटला, तिथून एका बाकावर, बाकावरून गवतावर, आणि लोळत लोळत झेंड्यापाशी जाऊन उभा राहिला. दुसऱ्या टोल्यात आत.

"काय हो, एवढ्यात संपलं?" आबाराव खो खो हसले.

"आपल्याला कुठलं जमतंय, साहेब," नाना विनयानं म्हणाले. त्यांचा चेहरा समाधानानं फुलून गेला होता. आयुष्यात इतकं चांगलं हरणं त्यांना कधी साधलं नव्हतं.

दुसऱ्या गलीलाही तसंच. तिसऱ्या गलीला तर नानांच्या चेंडूला एका कावळ्यानं चोचीत धरलं आणि नको म्हणून नेमका झेंड्याशेजारी टाकून दिला. दैवच पाठीशी होतं, त्याला नाना काय करणार! तिकडं आबारावांनी चौथ्या गलीपाशी शंभरी ओलांडली आणि महारुद्रकडून टाळ्या वाजवून घेतल्या. मंदाअक्कानंही आपली छत्री काखेत धरून पदराआडून हळूच वाजवल्या. आबारावांचा चेहरा असा तेजस्वी झाला होता, की आता ते इथंच होय म्हणतात की काय, असं आईला वाटलं आणि ती आनंदानं ओल्या गवतावरच बसली.

उन्हानं घसा सुकला म्हणून रत्ना सरबताच्या टपरीकडं गेली. टपरीच्या भिंतीवर एक पाटी होती. खेळाचे नियम, इंग्रजीत. इंग्रजीत रत्ना वर्गात पहिली होती आणि पाटी दिसली की ती मोठ्यानं वाचायची तिची खोडच होती. वाचता वाचता ती शेवटच्या, लाल अक्षरातल्या ओळीपाशी आली आणि थांबली. तिनं ओळ पुन्हा वाचली. उलटी वाचून बघितली. कसंही वाचलं तरी अर्थ तोच : सगळ्यांत कमी टोले, तो विजेता.

म्हणजे नाना हरत नव्हते. नाना जिंकत होते. नुसते जिंकत नव्हते, व्याह्याची धूळधाण उडवत होते! आणि रात्री सगळ्या हॉटेलसमोर त्यांना कप मिळणार होता. शेजारी आबाराव बसलेले असणार होते, शंभरावर टोले घेऊन. मंदाअक्काचं लग्न आणि तो कप, दोन्ही एका घरात येणं शक्य नव्हतं.

रत्ना ओढणी सावरत धावत सुटली. नाना पाचव्या गलीपाशी उभे होते. चारचौघांत सांगायची सोय नव्हती, म्हणून ती त्यांच्या पायाशी बसली आणि निळ्या फुलांच्या बुटाची नाडी बांधल्यासारखं करू लागली.

"नाना, वर बघू नका. नुसतं ऐका. ह्या खेळात कमी टोलेवाला जिंकतो."

"कमीवाला?"

"व्हय. तिकडं पाटीवर लिहिलंय."

नानांचा पाय बुटातल्या बुटात गार पडला. "म्हंजे मी... चेअरमनसाहेबांना... हरवतोय?"

"सपाटून."

"अगं मग आता?"

"आता मारत सुटा. चेंडू गलीत जाऊ देऊ नका. त्यांच्यापुढं जायला लई मारावे लागतील."

ऋण गुणिले ऋण धन होतं, हे बीजगणितात ठीक आहे. पण हरायला निघालेला माणूस जिंकतोय, म्हणून त्यानं जिंकणाऱ्यासारखं खेळून हरायचं, हे गणित आयत्या वेळी समजायला कठीण. तरी नानांना समजलं. मुलीच्या बापाला सगळं समजतं. त्यांनी चेंडूला टुकटुक सुरू केली. टुक, टुक, टुक. पण इतक्या वेळ नीट जाणारा चेंडू आता वेळेआधीच गलीकडं पळू लागला. नाना त्याला वाळूच्या खड्ड्यात ढकलत, तो उसळून पुन्हा हिरवळीवर येई. त्यांनी त्याला समुद्राकडं पिटाळलं, तर उताराला लागून तो परत झेंड्याकडं निघाला. शेवटी नाना गलीच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभे राहिले. गोठ्याच्या दारात वासरू अडवावं तसे.

आबारावांचं हसणं हळूहळू कमी झालं. त्यांनी डोळे बारीक केले.

"काय सेक्रेटरी? आता टोले वाढवायला लागला जणू?"

"न्हाय... म्हंजे... हात बसतोय जरा..."

"हात बसतोय का नियत उठतीय? शेवटाला येऊन वरचढ व्हायचा इचार दिसतोय!"

"छे छे, साहेब!" नाना म्हणाले आणि म्हणता म्हणता त्यांनी आणखी चार टुकटुक केल्या.

मग जे झालं ते त्या मैदानानं कधी बघितलं नसेल. आबारावही पेटले. दोन प्रतिष्ठित माणसं, धोतराचे सोगे खोचून, एकाच गलीभोवती आपापले चेंडू फिरवत होती, आणि दोघंही जीव तोडून ते आत जाऊ न देण्याची खटपट करत होती. एकाचा चेंडू गलीत पडेल असं वाटलं की दुसरा ओरडायचा. मागं खेळायला आलेलं एक गोरं जोडपं आधी उभं राहिलं, मग बसलं, मग गवतावर आडवं झालं. आकडे पुढं पुढं जात होते. नाना आबारावांच्या जवळ येत होते. खऱ्या नियमानं ते हरायला लागले होते, पण दिसायला जिंकायला लागले होते. कसंही खेळले तरी मेलेच!

एकदम आबारावांनी काठी जमिनीवर फेकली.

"बास! कळलं. मुलीचा बाप असून तुमाला व्याह्याच्या डोक्यावर बसायचंय. इतके दिस गोड गोड बोलला आन् शेवटी खरं दाखवलं. आमी असल्या घरात सोयरीक करत न्हाय. धुरपदा, ऊठ. महारुद्रा, चल."

 आई उठून उभी राहिली. मंदाअक्काच्या हातातली छत्री वाऱ्यानं उलटी झाली आणि ती तिनं तशीच धरून ठेवली. महारुद्र उठला, बसला, पुन्हा अर्धवट उठला. नानांची पंचाईत झाली. खरं सांगावं तर आबारावांचं अज्ञान सगळ्यांसमोर उघडं पडतं. न सांगावं तर मुलीचं लग्न मोडतं.

रत्नानं तीनशे माणसांसमोर 'सहकार आणि ग्रामीण विकास' यावर न अडखळता भाषण केलं होतं. इथं आठच माणसं होती, त्यांतली तीन घरची आणि दोन गवतावर आडवी झालेली. पण इथं घंटा वाजवणारं कुणी नव्हतं. तिनं मंदाअक्काच्या उलट्या छत्रीकडं बघितलं. मग एकदम पुढं होऊन आबारावांच्या वाटेत उभी राहिली.

"मामा, थांबा. नाना जिंकायला खेळत न्हवते. ह्या खेळात कमी टोल्यांचा जिंकतो. तिकडं पाटी हाय. मला आत्ताच कळलं. नाना आधी जिंकत होते, म्हणून मीच सांगितलं की जास्त मारा आणि हरा."

आबारावांनी तिच्याकडं बघितलं. मग नानांकडं. मग हातातल्या कार्डाकडं, ज्यावर जागा संपल्यामुळं आकडे मागच्या बाजूलाही गेले होते.

"कमीवाला जिंकतो?"

"व्हय, मामा."

"मग मी इतका येळ काय करीत होतो?"

 तेवढ्यात मिनेझिस घाईघाईनं आले आणि त्यांनी दोन्ही कार्डं हातात घेतली. आबारावांचं कार्ड त्यांनी पुढून बघितलं, मागून बघितलं आणि अत्यंत आदरानं म्हणाले, "साहेब, आमच्या हॉटेलात एवढे टोले आजपर्यंत कोणी मारले नाय."

नानांनी डोळे मिटून घेतले. झालं! आता राहिलं काय?

"सेक्रेटरी," आबारावांचा आवाज आला. "इकडं बगा. खरं सांगा. सुरुवातीला कशासाठी खेळत होता? जिंकायला का हरायला?"

"हरायलाच, साहेब. देवाशपथ. कृष्णामाईसुद्धा मी हितं आणून सोडली तुमच्यासाठी."

"म्हंजे कृष्णा हितं येत न्हाय?"

"न्हाय," रत्ना म्हणाली. आता झाकून काय उपयोग होता?

आबारावांनी तोंड समुद्राकडं फिरवलं. त्यांचे खांदे हलायला लागले. धुरपदाबाई घाबरून पुढं झाल्या. त्यांना वाटलं, ऊन लागलं. पण आबाराव हसत होते. आधी आतल्या आत, मग पोट धरून, मग टोपी हातात घेऊन, आणि शेवटी गवतावर फतकल मारून.

"म्या जिंकायला खेळलो आन् हरलो," ते डोळे पुसत म्हणाले. "तुमी हरायला खेळला, तर तुमाला धड हरताबी आलं न्हाय! दोघांचाबी बेत फसला. आरं, कळंबात माझ्याशी कुणी नीट भांडतबी न्हाय. चेअरमन म्हणलं की सगळे 'असणार, असणार'. तुमी मातुर टोल्याला टोला दिला. असला बिनकामाचा माणूस मला कुठं गावायचा! सेक्रेटरी, पोरगी दिली समजा."

"साहेब, पोरगी आमची हाय," नाना भांबावून म्हणाले.

"मग पोरगा दिला समजा. बसा हितं."

महारुद्र हे ऐकून इतका सुखावला, की हॉटेलचं मांजर त्याच्या पायांमधून गेलं तरी त्याला समजलं नाही. मंदाअक्का छत्री सरळ करायला लागली आणि ती तिला काही केल्या सरळ करता येईना, कारण तिचं लक्ष छत्रीकडं नव्हतंच.

शब्द दिला की सुपारी फोडायची, ही रीत. सुपारी फुटली की बोलणं पक्कं. मग मागं फिरायचं नाही. आईच्या कनवटीला सुपारी निघाली. पण अडकित्ता खोलीवर, आणि आबाराव म्हणाले, आत्ताच्या आत्ता, हसू आहे तोवर! जवळच एक सपाट दगड होता. त्यावर सुपारी ठेवली आणि आबारावांनी काठी नानांपुढं धरली.

"मान तुमचा."

"छे छे, मुलाकडचा मान पहिला."

"तुमी जिंकलाय ना? मारा!"

"न्हाय साहेब, तुमचे टोले जास्त आहेत..."

पुन्हा सुरू! रत्नानं कपाळावर हात मारला. काठी इकडून तिकडं आणि तिकडून इकडं जाऊ लागली. गोरं जोडपं उठून बसलं. शेवटी कंटाळून आबारावांनी टोला हाणला. सुपारी उडाली आणि वाळूत गेली. मग नानांनी हाणला. या वेळी गोफणीचा नेमही कामाला आला नाही. मिनेझिस वाळूतून सुपारी वेचून आणून पुन्हा पुन्हा दगडावर ठेवत होते. हा कुठला खेळ, हे त्यांनी विचारलं नाही. मोठ्या हॉटेलात तसं विचारायची पद्धत नसते.

"सरा," धुरपदाबाई म्हणाल्या.

त्या छत्रीखालून उठून आल्या. पदर खोचला. सुपारीच्या बारीक बाजूला वाळूचा टेकू देऊन तिला दगडावर नीट बसवलं. काठी दोन्ही हातांत धरून एकदा फक्त सुपारीकडं बघितलं, आणि हाणली. एकच टोला. सुपारीच्या चार फोडी झाल्या. दगडसुद्धा जरा दचकला असावा.

मिनेझिस टाळ्या वाजवायला लागले. गोरं जोडपं उभं राहून ओरडायला लागलं. धुरपदाबाईंनी चारही फोडी वेचल्या, एक आईच्या हातावर ठेवली, एक मंदाअक्काच्या, एक रत्नाच्या, आणि उरलेली शांतपणे आपल्या तोंडात टाकली.

आबाराव आ वासून बघत राहिले होते. मग अगदी थांबत थांबत त्यांनी विचारलं, "धुरपदा... मग रोज संध्याकाळी पत्त्यांत तू माझ्याशी कशी काय हरतीस?"

धुरपदाबाईंनी सुपारी या गालातून त्या गालात घेतली.

"चला," त्या म्हणाल्या, "जेवणं गार होत्याल."